गुडघ्याचं ऑपरेशन, पाठीतलं इंजेक्शन आणि भूलतज्ज्ञाचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमच्या आईंचं वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेत, पुढच्या महिन्यात आधी उजवा बदलायचाय, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. हॉस्पिटलच्या एस्टिमेटमध्ये भूलतज्ज्ञाची फी वेगळी लिहिलीय आणि घरच्यांचं म्हणणं की तो डॉक्टर पाच मिनिटांत इंजेक्शन देऊन मोकळा होणार, बाकी सगळं सर्जनच करणार, मग एवढे पैसे कशाचे. दुसरं म्हणजे शेजारच्या काकूंनी सांगितलंय की पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची जाते, त्यामुळे आई म्हणतायत पूर्ण भूलच द्या. आणि तिसरं, त्याच हॉस्पिटलात पेन क्लिनिकच्या, म्हणजे दुखण्यावरच्या ओपीडीच्या, दारावर भूलतज्ज्ञाचंच नाव आहे, ते कसं काय.

मी भूलतज्ज्ञाचंच काम करते, तालुक्याच्या नर्सिंग होममध्येही केलंय आणि मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलातही, आणि हे तिन्ही प्रश्न मला ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दाराशी कायम ऐकू येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते पाच मिनिटांचं. इंजेक्शन पाच मिनिटांत होतं हे खरं आहे, पण त्यानंतर आम्ही कुठे जात नाही, पेशंटच्या डोक्याशीच असतो, ऑपरेशन संपून पेशंट रिकव्हरीत नीट स्थिरावेपर्यंत. सर्जनचं सगळं लक्ष जखमेवर असतं आणि ते तसंच असायला पाहिजे, त्यामुळे त्या वेळात श्वास कसा चाललाय, बीपी किती, रक्त किती गेलं, लघवी होतेय का, अंग गार पडतंय का, शुगर कुठे आहे हे बघायला असा एक डॉक्टर लागतो जो ऑपरेशन करत नाहीये. भूल देणं हा आमच्या कामाचा छोटा भाग आहे, मोठा भाग म्हणजे भुलेत असताना माणसाला सुखरूप ठेवणं.

गुडघ्याच्याच ऑपरेशनचं सांगते. स्पायनल, म्हणजे पाठीतलं भुलेचं इंजेक्शन, दिल्यावर फक्त पाय बधिर होतात असं नाही, रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात, वाहिन्या सैल पडतात आणि बीपी खाली येतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं आम्ही दर दोन-तीन मिनिटांनी बीपी घेतो ते याच्यासाठी. आणि यात मशीनच्याही आधी पेशंट सांगतो बरं का. टेबलावरच्या आजी म्हणतात, "डॉक्टर, कसंतरीच होतंय, मळमळतंय", तेव्हा नव्वद टक्के वेळा बीपीच्या मशीनचा पट्टा फुगून आकडा यायच्या आतच मला कळलेलं असतं की बीपी पडलंय आणि हात औषधाच्या भरलेल्या सिरिंजकडे गेलेला असतो. उलटीचं इंजेक्शन नव्हे, बीपीचं. नव्या मुलांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते, कारण मळमळ म्हटली की त्यांचा हात उलटीच्या औषधाकडे जातो.

मग मांडीला हवेचा पट्टा बांधतात, टूर्निके, जेणेकरून गुडघ्यात रक्त येऊ नये आणि सर्जनला स्वच्छ दिसावं. तास-दीड तासाने तो सोडला की पायात साठलेलं खराब रक्त एकदम शरीरात येतं आणि बीपी परत डगमगतं. त्याच्या आधी सिमेंटची वेळ येते. नवा सांधा हाडात बसवायला जे बोन सिमेंट वापरतात ते दाबून भरताना हाडातली चरबी आणि हवा रक्तात जाऊ शकते, क्वचित एखाद्याचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) आणि बीपी दोन्ही धाडकन खाली येतं. म्हणून चांगला सर्जन मोठ्याने सांगतो, "सिमेंट टाकतोय", आणि आम्ही ऑक्सिजन वाढवून, सलाईन बघून, औषध हातात घेऊन तयार असतो. बहुतेक वेळा काही होत नाही. पण काही झालंच तर भूलतज्ज्ञ तिथे हजर असणं आणि पाच मिनिटांच्या अंतरावर दुसऱ्या हॉस्पिटलात असणं यात फार मोठा फरक आहे.

ओटीत सतत एक टुक टुक आवाज येत असतो तो पल्स ऑक्सिमीटरचा. कोविडमध्ये घराघरात बोटाला लावायचं जे मशीन आलं तेच, फक्त आमच्याकडच्याला आवाज असतो आणि सॅच्युरेशन खाली गेलं की त्या आवाजाचा सूर उतरतो. कानाला याची इतकी सवय होते की पाठमोरी उभी राहून औषध भरताना सुद्धा सूर जरा खाली आला की मान वळते. याच्या मागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरने १९७४ मध्ये मांडलं, आणि त्याच्या आधीच्या काळात आमचे लोक ओठ आणि नखं निळी पडतायत का ते डोळ्यांनी बघायचे. निळेपणा दिसेपर्यंत ऑक्सिजन बराच खाली गेलेला असतो, सावळ्या माणसात तर अजून उशिरा कळतं. म्हणून नेलपॉलिश काढून या असं सांगतो त्याला शिष्टपणा समजू नका, मशीन बोटातून उजेड आरपार पाठवून मोजतं आणि रंग मध्ये येतो.

पूर्ण भुलेत श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागते तेव्हा अजून एक मशीन लागतं, कॅप्नोग्राफ. पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं आणि स्क्रीनवर दर श्वासाला एक चौकोनी टेकडी काढतं. ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली तर काही श्वासांत ती टेकडी सपाट होते. सॅच्युरेशन मात्र तेव्हा अजून ९९ दाखवत असतं, कारण आधी भरपूर ऑक्सिजन दिलेला असतो, ते पडायला काही मिनिटं लागतात आणि पडलेलं कळतं तेव्हा हातात वेळ थोडा उरतो. मला विचाराल तर पूर्ण भूल देणाऱ्या कुठल्याही ओटीत, मग ती कितीही लहान असो, कॅप्नोग्राफ नसणं चालता कामा नये. यावर मी अगदी ठाम आहे.

हे सगळं एका रात्रीत आलं नाही. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनला मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून ऑपरेशन होऊ शकतं हे सगळ्यांसमोर दाखवलं, पुढच्या वर्षी एडिंबरोला सिम्पसन नावाच्या डॉक्टरने क्लोरोफॉर्म आणलं, आणि लगेच जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढायच्या एवढ्याशा ऑपरेशनला क्लोरोफॉर्म देताना गेली. श्वास आधी थांबतो की हृदय, यावर मग चाळीस वर्षं वाद चालला आणि त्यातला मोठा अध्याय आपल्याकडे हैदराबादला घडला. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशन, म्हणजे तपास समित्या, बसली, तिथले सर्जन एडवर्ड लॉरी म्हणायचे श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. हृदयाबद्दलचं त्यांचं म्हणणं पुढे चुकीचं ठरलं, पण पेशंटच्या श्वासावरची नजर हटवायची नाही हा आग्रह बरोबरच होता. त्याच हैदराबादला डॉ. रूपाबाई फर्दूनजी क्लोरोफॉर्म द्यायच्या, जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात, आणि आमच्या विद्यार्थ्यांना सुद्धा हे नाव माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरा बदल १९८० नंतरचा. हार्वर्डच्या हॉस्पिटलांचे लेखी नियम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले की भूल चालू असताना भूलतज्ज्ञ खोलीतच हवा, बीपी आणि नाडी कमीत कमी दर पाच मिनिटांनी घ्यायची, वगैरे. आज ऐकून वाटेल यात काय विशेष, पण तोवर ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ च्या अहवालात आकडा दिलाय की १९८० च्या सुरुवातीला भुलेमुळे दर १०,००० मागे दोन मृत्यू व्हायचे, ते दोन ते तीन लाखांमागे एकावर आले. हे आकडे तिथले आहेत आणि त्यावरही वाद आहेत, शिवाय आपल्याकडे गावोगावी सोयी सारख्या नाहीत, तरी दिशा स्पष्ट आहे. यात साध्या साध्या गोष्टींचा हात मोठा आहे. उदाहरणार्थ ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोंडाशी दोन भोकं असतात आणि मशीनवर बरोबर त्याच जागी दोन पिना, भुलेत वापरायच्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या सिलिंडरची भोकं वेगळ्या जागी. रात्री तीन वाजता दमलेल्या माणसाने घाईत चुकीचा सिलिंडर लावायचं ठरवलं तरी तो बसतच नाही. माणूस चुकणार हे धरून केलेली रचना आहे ही.

ऑपरेशनच्या आधी टेबलावर आईंना कोणीतरी परत नाव विचारेल, कुठला गुडघा विचारेल, ऍलर्जी विचारेल, तेव्हा "किती वेळा तेच तेच विचारता" असं त्यांना वाटू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट आहे ती, २००८ ची. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीही होती, आणि २००९ मध्ये निकाल आला की मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि कॉम्प्लिकेशन ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने. तुमच्या आईंचे दोन्ही गुडघे दुखतायत, त्यातला उजवा करायचाय, म्हणजे हा प्रश्न तुमच्यासाठी तर फारच कामाचा.

फीबद्दल एवढंच म्हणेन की किती आहे याच्यापेक्षा त्यात काय मिळणार ते विचारा. आपल्याकडे लहान शहरांत बहुतेक भूलतज्ज्ञ फ्रीलान्स असतात, सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझर, तिथून दुसरीकडे हर्निया, मग तिसरीकडे. यात वाईट काही नाही, अर्धा महाराष्ट्र याच पद्धतीवर चाललाय आणि फार उत्तम काम करणारे लोक आहेत. पण तुम्ही हक्काने विचारू शकता की भूल कोण देणार, ते ऑपरेशनच्या आधी एकदा आईंना भेटतील का, शेवटपर्यंत थांबणार का, आणि ते गेल्यावर रात्री पेशंटकडे कोण बघणार. ज्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येतो तिथे मी माझ्या आईला नेणार नाही.

आता पाठीतली सुई. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि आम्ही सुई घालतो ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. तिथे दोर संपलेला असतो, सुट्या नसा तिथल्या पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात आणि बारीक सुई आली की बाजूला सरकतात. औषध किती जातं, तर साधारण अडीच-तीन मिली. सुई २५ किंवा २७ नंबरची, म्हणजे रक्त काढायच्या नेहमीच्या सुईपेक्षा बरीच बारीक. आधी कातडीला बधिर करायचं इंजेक्शन चुणचुणतं तेवढंच काय ते दुखतं, पुढे दाब जाणवतो.

कंबरदुखीचं म्हणाल तर सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो, मुका मार लागल्यासारखा, तो जातो. वर्षानुवर्षं कंबर दुखणं त्या सुईमुळे होतं याला पुरावा मिळालेला नाही, बाळंतपणात एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन, घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून बघितलीय, पुढे कंबर दोघींचीही सारखीच दुखते. मग काकू खोटं बोलतायत का, तर अजिबात नाही. त्यांची कंबर खरंच दुखते. सिझर झाल्यावर वाकून बाळाला पाजणं, रात्रीचं जागरण, पोटाचे सैल पडलेले स्नायू, अंगावर गेलेलं रक्त, वाढलेलं वजन, यातलं काही कोणाला आठवत नाही आणि सुई मात्र आठवते कारण तिची भीती वाटली होती. तुमच्या आईंची कंबर आधीपासून दुखत असेल, आणि गुडघे इतके खराब असताना चाल बिघडून ती दुखतच असणार, तर तसं आधीच सांगा म्हणजे फाईलमध्ये लिहिलं जाईल.

खरा त्रास होतो तो डोकेदुखीचा, आणि तो पहिल्यापासून माहीत आहे. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअरने स्पायनल सुरू केली तेव्हा त्याने स्वतःच्याही पाठीत सुई टोचून घेतली आणि नंतर कित्येक दिवस उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की थांबायचं. सुईच्या भोकातून तो पाण्यासारखा द्रव झिरपतो म्हणून हे होतं. आताच्या बारीक, पेन्सिलसारख्या टोकाच्या सुईने हे प्रमाण फार कमी झालंय आणि साठीच्या पुढे तर क्वचितच दिसतं, तरण्या बायकांत जास्त. झालंच तर गोळ्या, कॉफी, आराम, आणि त्यानेही नाही थांबलं तर पेशंटचंच थोडं रक्त त्या जागी सोडून भोक बंद करता येतं. उठल्यावरच दुखतंय आणि झोपल्यावर थांबतंय असं असेल तर घरी सोसत बसू नका, फोन करा.

पूर्ण भूल जास्त सुरक्षित की स्पायनल, याचं प्रामाणिक उत्तर असं की दोन्ही चांगल्या हातात सुरक्षित आहेत. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या १,६०० म्हाताऱ्या पेशंटचा अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला, ६० दिवसांनंतर जगणं आणि चालू शकणं यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. त्यामुळे आईंना पाठीतल्या सुईची फारच धास्ती असेल तर त्यांच्यावर जबरदस्ती करायचं कारण नाही. माझी पसंती गुडघ्याला स्पायनल आणि वर नसेचा ब्लॉक, म्हणजे पायातली एक नस बधिर करायचं इंजेक्शन, कारण उलट्या कमी होतात, घशात ट्यूब जात नाही आणि शुद्धीवर येताना दुखणं एकदम अंगावर येतं तसं होत नाही. स्पायनलमध्ये हातोडी-करवतीचे आवाज नको वाटत असतील तर हलकी झोप देता येते, तसं आधी सांगायचं फक्त.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात, आम्ही त्याला पीएसी म्हणतो, लोक म्हणतात फिटनेस काढायचाय. फिटनेस म्हणजे शिक्का मिळवायची गोष्ट नव्हे हो. त्या पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही काय सांगता त्यावर आमचं अर्धं नियोजन ठरतं, आणि लोक लपवतात, मुद्दाम नाही, त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही म्हणून.

गुडघेदुखीच्या पेशंटमध्ये मी पहिला प्रश्न विचारते तो पुड्यांचा. दहा-दहा वर्षं गुडघे दुखणाऱ्या बायकांनी कोणाकडून तरी आणलेल्या काळ्या गोळ्या, कागदात बांधलेली पांढरी पावडर, "जडीबुटी आहे, काही साईड इफेक्ट नाही" असं सांगून दिलेली, खाल्लेली असते, आणि त्यात बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. एक आजी आठवतात, चेहरा गोल सुजल्यासारखा, हातावरची कातडी कागदासारखी पातळ, जागोजागी निळे डाग. औषधं विचारली तर बीपीची एक गोळी म्हणाल्या. परत परत विचारल्यावर सुनेने पिशवीतून पुडी काढली, जत्रेतल्या वैदूकडून घेतात म्हणाली, घेतली की चार दिवस गुडघा एकदम हलका. बाहेरून असं स्टेरॉइड महिनोन्‌महिने मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, आणि ऑपरेशनच्या ताणात जेव्हा ते लागतं तेव्हा मिळत नाही, बीपी पडतं ते औषधाला दाद देत नाही. आधी कळलं तर उपाय साधा आहे, आम्ही स्टेरॉइडचं इंजेक्शन देतो, शुगरवर जास्त लक्ष ठेवतो, जंतुसंसर्गाची धास्ती धरून सर्जनशी बोलतो. त्या आजींचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललं, फिजिशियनला दाखवलं आणि नंतर ते नीट पार पडलं. पुडी पिशवीतच राहिली असती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. तुमच्या आई असलं काही घेत असतील तर रागावू नका, फक्त पुडी घेऊन या.

बाकीची औषधंही पाकिटासकट आणा, "पांढरी छोटी गोळी" यावरून काही कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल, क्लोपिडोग्रेल वगैरे, तर ती काही दिवस आधी थांबवल्याशिवाय पाठीत सुई घालता येत नाही कारण कण्यात रक्त साठून पाय कायमचे जाऊ शकतात, पण हृदयात स्टेंट असेल तर ती मनाने थांबवणं त्याहून धोक्याचं, म्हणून हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही मिळून ठरवतो. शुगरच्या नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, या तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असताना रक्तात आम्ल वाढतं. वजन किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, तेही सांगा. बीपीच्या गोळ्यांचं सरसकट नसतं, अॅम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल सारख्या त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतो, टेल्मिसार्टन बहुतेक वेळा त्या दिवशी टाळतो. हे इथे वाचून करू नका, आईंच्या भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या.

मिश्री, तंबाखू, गुटखा. आपल्या भागात साठीच्या पुढच्या किती बायका मिश्री लावतात ते घरच्यांना माहीत असतं, पण डॉक्टरसमोर कोणी बोलत नाही. आणि गुटख्याने तर तोंडच उघडत नाही. राज्यात बंदी २०१२ पासून आहे पण माझ्या टेबलावर अजून पंचविशी-तिशीची पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं आडवी जात नाहीत, जिथे तीन जायला पाहिजेत. अशा माणसाला आधी झोपवून मग ट्यूब टाकायला गेलो तर झोपलेल्या माणसाचा श्वास थांबलेला आणि आत जायला वाट नाही अशी अवस्था होते, म्हणून जागेपणीच नाकातून दुर्बिणीने ट्यूब टाकावी लागते. त्यासाठी ते आधी माहीत पाहिजे, सामान आणि मदत हाताशी पाहिजे. हलणारे दात, कवळी, रात्रीचं जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, हे सगळं याच खात्यातलं. आणि घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, शुद्धीवर यायला खूप वेळ लागला किंवा एकाएकी ताप चढला असं काही, तेही. एक औषध शरीरात मोडायला लागणारं एन्झाइम काही घराण्यांत जन्मतः कमी असतं, आर्य वैश्य समाजात हे जास्त दिसतं असं नोंदलं गेलंय, त्यांच्यात दोन-चार मिनिटांचं औषध तासन्‌तास टिकतं. माहीत असेल तर आम्ही ते औषधच वापरत नाही.

उपाशीपोटाचंही नीट समजून घ्या. जेवण आठ तास आधी, हलका नाश्ता सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्यालाही सहा तास. "नुसता अर्धा कप चहा दिला, उपाशी कशी राहणार म्हातारी" हे वाक्य प्रेमापोटी येतं आणि त्या चहासाठी ऑपरेशन पुढे जातं. भुलेत घशाचा पहारा सुटतो, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटरपर्यंत जाऊ शकतं. उलट बाजूने, रात्री दहापासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब न देणं हेही चूक आहे, शुगरच्या म्हाताऱ्या पेशंटचे त्यात हाल होतात. आईंना सकाळचा पहिला नंबर मिळतो का ते विचारा.

मग दुखण्याचं. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन नंतर चांगलंच दुखतं, हे मी कोणापासून लपवत नाही. पण पाय त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हलवायचा असतो, उभं राहायचं असतं, आणि दुखतंय म्हणून पाय हलवला नाही तर सांधा आखडतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो. म्हणजे दुखणं थांबवणं हा नुसता आरामाचा प्रश्न नाही, ऑपरेशनचा गुण येणं त्याच्यावर आहे. यासाठी आम्ही सोनोग्राफीवर बघत मांडीत एका नसेपाशी औषध सोडतो, ऍडक्टर कॅनाल ब्लॉक म्हणतात. पूर्वी मांडीच्या वरच्या मोठ्या नसेचा ब्लॉक द्यायचो तेव्हा दुखणं थांबायचं पण मांडीची ताकदही जायची आणि पेशंट उभं राहिला की पाय लटपटायचा. आताच्या ब्लॉकमध्ये ताकद बरीचशी टिकते. त्याच्या जोडीला ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल, मूत्रपिंड ठीक असेल तर सूज उतरवणारं एखादं औषध थोडे दिवस, आणि तरीही लागलं तरच ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं औषध. असं चारी बाजूंनी थोडं थोडं दिलं की कुठल्याच एका औषधाचा जास्त डोस लागत नाही.

इथे अडचण येते ती आपल्या आयांची. त्यांना सोसायची सवय इतकी की राउंडला विचारलं "दुखतंय का आजी", तर "थोडं थोडं, चालायचंच" म्हणतात आणि चादरीखाली मूठ आवळलेली असते. म्हणून मी पडल्या पडल्या किती दुखतं ते विचारतच नाही, पाय वाकवायला लावते आणि मग शून्य ते दहामध्ये किती ते विचारते, आणि चेहऱ्याकडे बघते. तुम्ही जवळ असाल तर तुम्ही सांगा. दुखणं फार वाढायच्या आधी औषध दिलं तर कमी डोसात भागतं. ब्लॉकचा असर साधारण पहिल्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उतरतो, नेमकं तेव्हाच दुखणं उसळी मारतं, त्यामुळे "असर उतरायच्या आधी कुठली गोळी द्यायची" हे सिस्टरना आणि डॉक्टरना दिवसाउजेडी विचारून ठेवा.

पेन क्लिनिकचं उत्तर यातच आलंय. नसा कुठून जातात, कुठे औषध सोडलं की काय बधिर होतं, ओपिऑइड कसं द्यायचं आणि श्वासावर काय परिणाम होतो, हे ज्यांना रोज करावं लागतं तेच पुढे जुनाट दुखण्याकडे वळले. मणक्याची नस दबून पायात जाणारी कळ, नागिणीनंतरची आग, चेहऱ्यातली विजेसारखी कळ, कॅन्सरचं दुखणं, हे सगळं तिथे बघतात. भारतात कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळावं म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं ते केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल मूळचे भूलतज्ज्ञच. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की दवाखान्यांनी परवान्यांच्या भानगडीपायी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, डॉक्टरांची एक पिढी ते न वापरताच शिकली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये याचं मोठं काम आहे, वांद्र्याला शांती अवेदना १९८६ पासून शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटची सेवा करतंय. तरीही अजून नातेवाईक मॉर्फिनचं नाव काढलं की "सवय लागेल" म्हणतात. कॅन्सरच्या दुखण्यात नीट डोस ठरवून, देखरेखीखाली दिलं तर ही भीती बाळगून माणसाला तळमळत ठेवण्यात काही अर्थ नाही. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं.

आईंसाठी अजून एक. ६८ वय आहे, ऑपरेशननंतर एक-दोन रात्री त्या बावचळल्यासारखं करू शकतात, घर कुठे आहे म्हणतील, सलाईन उपटतील, तुम्हाला वेगळ्याच नावाने हाक मारतील. वेड लागलं किंवा भूल डोक्यात गेली असं समजून घाबरू नका, बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं, पण डॉक्टरना लगेच सांगा कारण त्यामागे दुखणं, अडलेली लघवी, कमी सोडियम किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. घरी झोपेची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगून ठेवा. चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन रिकव्हरीतून बाहेर आल्या आल्या परत लावा, रात्री ओळखीचं माणूस जवळ ठेवा, दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा. पीएसीला जाल तेव्हा मागच्या ऑपरेशनचे कागद असतील तर ते, औषधांची पाकिटं आणि ती पुडी असलीच तर ती, एवढं घेऊन जा आणि आईंनाच बोलू द्या, तुम्ही मध्ये भर घाला.